बोंडूच्या उंचीवरून

रेडी, ६ जानेवारी २०२५

चि. गौरजा हीस आजीचे टोपलीभर आशीर्वाद.

पत्र तुझी आई नम्रता लिहिते आहे, शब्द माझे. अक्षर चुकलं तर तिचं, बाकी सगळं बरोबर. फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आणि अर्ध्यावर हसतेस, म्हणून कागदावर सांगते: ते कुत्र्याचं पिल्लू इकडे घेऊन ये.

तुझी तिथली घरमालकीण त्याला महिनाअखेरपर्यंतच ठेवू देणार, आणि आमचं घर तुला धोक्याचं वाटलं तर तू त्याला परक्यांना देणार, असं तुझा बाबा म्हणाला. परक्यांना कशाला? वासरं आणि तुझ्या बाबासारखं द्वाड पोर मी घरापुढच्या याच खळ्यात वाढवलं. विहिरीवर जुनं जाळं ताणून बांधून घेतलंय. काजूच्या बिया चघळल्या तर तोंड भाजतं, त्या माळ्यावर चढवल्या. मासे पकडायचे गळ उंच खुंटीला. तुझ्या आईच्या चपला मात्र खालीच ठेवल्यात, त्यालाही काही विरंगुळा हवा. हे वाक्य नम्रता लिहायला तयार नव्हती.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

*

कोल्हापूर, ११ जानेवारी २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप हसले. पिल्लाचं नाव बोंडू ठेवलंय, रंगच तसा आहे, पिकल्या काजूच्या बोंडासारखा.

पण आजी, एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. घरात उंदरांचं औषध आहे का? गेल्या वर्षी माझी मैत्रीण सृष्टी, तिच्या पिल्लाने कपाटाखालचं औषध खाल्लं. ते पिल्लू माझ्याच मांडीवर गेलं. ते मला पुन्हा बघवणार नाही. इथले जनावरांचे डॉक्टर म्हणतात की उभ्याने बघून कळत नाही, जमिनीवर बसून पिल्लाच्या उंचीवरून घर बघावं लागतं. तुझे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा हे काम बाबांना सांग. तुझी खात्री आली की मगच निघेन. नाही आली तर बोंडूला दुसरं घर बघेन.

आईला नमस्कार. रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी गौरजा

*

रेडी, १७ जानेवारी २०२५

चि. गौरजा हीस आजीचे आशीर्वाद, गुडघ्यांसकट.

औषधाचं विचारलंस म्हणून मी बाबाला विचारलं. तो म्हणाला, तसलं काही नाही. मीही नम्रताला 'नाही' असंच लिहायला सांगणार होते. पण माझ्या गुडघ्यांचा उद्धार केलास ते मनाला लागलं. वाकत नाहीत ना, मग पडवीत चटई टाकली आणि सरळ आडवी झाले.

तेवढ्यात शेजारची काशीबाई नारळ न्यायला आली. मला तशी बघून तिने दारातच गळा काढला. मी पडल्यापडल्याच तिला सांगितलं, "मरूक नाय गो मी, कुत्र्याच्या डोळ्यांनी घर बघतंय." ती म्हणाली, मग बरोच दिसता तुझो कुत्रो. आणि हसत शेजारी बसली.

तिथून नारळांच्या राशीमागे, फळीच्या खाली, खोबऱ्याचा तुकडा दिसला. वर काळपट काहीतरी चोपडलेलं. खोबरं म्हणजे उंदराला आवडतं आणि पिल्लालाही. बाबाला हाक मारली. त्याने आधी छताकडे बघितलं, मग कबूल केलं: उंदीर नारळ पोखरत होते, दिवाळीत त्यानेच ठेवलं आणि विसरला. मी झाडू त्याच्या हातात दिला. ओरडले असते त्यापेक्षा ते त्याला जास्त लागलं.

मग अख्खी रास त्याच्याकडून बाहेर काढून घेतली. आणखी तुकडे सापडले, ते पिशवीत घट्ट बांधून त्यानेच घराबाहेर नेले. फरशी साबणाने घासली. आता उंदरांसाठी पिंजरा आहे, तोही वर. नारळ परत रचताना मी पुन्हा आडवी होते, आणि एकेक नारळ मला दाखवूनच आत गेला.

खात्री मागितलीस ती ही. आधी दिली असती तर खोटी ठरली असती, म्हणून उशीर झाला.

पुढच्या रविवारी, २६ तारखेला, सावंतवाडीच्या स्टँडवर बाबा रिक्षा ठरवून थांबेल. घरी पोचेपर्यंत बोंडू त्याच्या मांडीवर बसेल, आणि मांडी ओली झाली तर बाबाने तोंडातून शब्द काढायचा नाही, असं ठरलंय. त्याने मान डोलावली आहे.

लोभ तुझा राहू दे, पिल्लाचा मी मिळवीन.

तुझी आजी