मापाला उभी

सोमवार
पोचले एकदाची! खोली लहान, पण खिडकी थेट माळावर उघडते. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे आईला कोण अभिमान. काम सोपं आहे: जुन्या चित्रांवरचं पिवळं पडलेलं वार्निश टर्पेंटाइनच्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसायचं. ज्यांच्याकडे आलेय त्या चित्रकारांना सगळे दादा म्हणतात. त्यांच्याआधी जो तो चेहरेच रंगवायचा. चित्राचा स्टँड बाहेर नेऊन नुसता माळ, नुसतं आभाळ काढणारे हे पहिले. घर त्यांची लेक, ताई, सांभाळते. माझं ताट पाहून म्हणाली, चिमणीसुद्धा याहून जास्त खाते गं.

बुधवार
दादा नवं चित्र करताहेत, बहुधा शेवटचं. मला माळावर मापाला उभं केलं, उजवा हात उंच धरून. चित्रात आधी माणूस काढला की झाडाची उंची, टेकडीचं अंतर बरोबर बसतं. मग त्याच्यावर रंग चढवून त्याला बुजवून टाकायचं, ही त्यांची पद्धत. मी जरा हलले तर ओरडले. मग हसून म्हणाले, खांबाला सुटी नसते.
ताईला विचारलं, आधी मापाला कोण उभं राहायचं? म्हणाली, पूर्वी आईच असायची. पण आई कशी दिसायची, ते तिला आठवेना. नावही आठवेना.

शुक्रवार
दादांनी चित्रातले माझे पाय गवतानं झाकले. गवत सुरेख उतरलंय. दुपारी मी मागून आले तर ताई केवढी दचकली! म्हणाली, पावलं वाजत नाहीत का तुझी? खरंच वाजत नाहीत. धुळीत ठसेही उमटत नाहीत.

शनिवार
चित्रात आता कमरेपर्यंत गवत. घरी जायला निघाले, पण फाटकापाशी पाय उचलेना. चित्रातला रंग अजून ओला आहे, एका बोळ्यानं निघेल, पाय सुटतील. पण एवढ्या मोठ्या माणसाचं शेवटचं चित्र मी बिघडवायचं? आईला काय तोंड दाखवू? नाही लावला हात.

सोमवार
गळ्यापर्यंत झुडूप. हाक मारली, आवाज फुटला नाही. समोर बसले होते, तरी ताईनं ताट वाढलं नाही. बापाला म्हणाली, ती पोरगी न सांगता गेली वाटतं, आजकालच्या मुली! पण दादांनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.

मंगळवार
चुकलं माझं. शनिवारीच पुसायला हवं होतं. बोळा भिजवून ठेवलाय. दादा जेवायला उठले की—
उठतच नाहीत.

बुधवार
डोळ्यांवर पानं आली. दिसत नाही, अंदाजानं लिहितेय. उजवा हात तेवढा उरलाय, आभाळात. दादा निळा रंग घोटताहेत, ऐकू येतंय—
ताईला तिची आई आठवत नाही. माझ्या आईला मी—
मनगट गार पडलं—
आई, विसरू नकोस. तुझी थोरली मी. माझं नाव