कारखान्याला बाहेरून कुलूप

३ मार्च, सोमवार
बाहेरून कुलूप! आत बायका शिवतायत आणि जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप!

मावशींना चक्कर आली म्हणून केंद्रावर फोन आला. परमुलखातून आलेल्या बायकांना मी आपली भाषा शिकवते, त्या वर्गातल्या या सगळ्यात मोठ्या. गल्लीतल्या तळघरात शिलाईचा कारखाना आहे, तिथे बाह्या जोडतात. पळत गेले, तर मावशी जमिनीवर, कुणीतरी कापडाच्या तुकड्यानं वारा घालतंय. किल्ली मालकाच्या खिशात. आणि मालक चहाला!

आला तो दात कोरत. "चोऱ्या होतात हो ताई. कुलूप लावू नको तर काय करू?"

मावशींना पाणी पाजलं, घरी पोचवलं. हे कुलूप मी काढणार. हाती घेतलेलं अर्धवट सोडणाऱ्यातली मी नाही.

५ मार्च, बुधवार
मालकाला भेटले. खुर्ची दिली, सरबत मागवलं. "तुम्ही सांगाल तसं, ताई." परत निघताना पाहिलं — कुलूप जागच्या जागी. ठीक आहे. सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात ते खोटं नाही.

७ मार्च, शुक्रवार
वर्गात विषय काढला. मग मावशी अडखळत म्हणाल्या, "तक्रार नको. दार उघडेल, कारखाना बंद होईल."

"आणि आग लागली तर?"

"आग कधीतरी लागेल, ताई. चूल रोज पेटवावी लागते."

उत्तर सुचलं ते घराच्या जिन्यात — जिवंत राहिलात तर पेटवाल ना! जिन्यात सुचून काय उपयोग.

१० मार्च, सोमवार
अग्निशमनच्या कचेरीत तक्रार देऊन आले. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. छान वाटलं.

वहिनीनं विचारलं, "त्या बायकांना विचारलंस?"
विचारलं होतं.
"मग काय म्हणाल्या?"
मी भाजी चिरायला घेतली.

१४ मार्च, शुक्रवार
कारखान्याला सील ठोकलं. कुलूप गेलं — कामही गेलं.

१७ मार्च, सोमवार
वर्गाला कुणी आलं नाही. फळा पुसला, खुर्च्या लावल्या, परत आवरल्या.

रस्त्यात मावशी दिसल्या. मला पाहून पलीकडच्या बाजूला गेल्या. बटणं लावणारी चिमणी मात्र थांबली — सतत चिवचिव करते म्हणून हे नाव. आज एकच वाक्य बोलली. "तुमचं काम चालू आहे ना, ताई?" चार शिव्या दिल्या असत्यास तरी बरं झालं असतं गं!

रडू नाही आलं, राग आला. थोडा त्यांचा, जास्त माझा. कुलूप काढायलाच हवं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. जाळीला चिकटून मेलेल्या बायका बघण्यापेक्षा मी जन्मभर बोलणी खाईन. पण तक्रारीच्या आधी त्यांच्यासाठी दुसरं काम बघून ठेवता आलं असतं. मला त्या दारापलीकडचं काही दिसलंच नाही.

वहिनी म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकल्यास."
बरं. उतरते उंटावरून.

२१ मार्च, शुक्रवार
पायांचे तुकडे पडले! इस्पितळाची साफसफाई, शाळेचं स्वयंपाकघर, धुलाईवाला — कुणाचं दार ठोठावायचं ठेवलं नाही. चिमणीला इस्पितळात लावलं. हसली नाही, पण उद्यापासून जाते म्हणाली. धुलाईवाला आणखी दोघींना घेतोय. उरलेल्यांचंही होईल. करीनच.

मावशींकडे गेले. दार अर्धंच उघडलं.
"शाळेत भांडी घासायला माणूस हवंय, मावशी."
"मी बाह्या जोडते," म्हणाल्या, आणि दार लावलं.

काय तो ताठा! अपमान व्हायला हवा होता माझा. उलट बाई आवडलीच मला.

२८ मार्च, शुक्रवार
चिमणीनं बातमी आणली — आता बोलते माझ्याशी. मालकानं दोन रस्ते सोडून नवी जागा घेतली. जुन्या बायकांना उद्यापासून बोलावलंय. मावशी जाणार. आणि नव्या जाळीला नवं कुलूप! सुंभ जळला तरी पीळ जात नाही मेल्याचा.

सोमवारी परत कचेरी. पण आधी मावशींना भेटणार. त्यांनी दार लावलं तर बाहेर उभी राहीन.

३१ मार्च, सोमवार
आधी नव्या कारखान्यावर गेले. जाळी सताड उघडी! मालक तोंड वाकडं करून बाहेर उभा. चिमणीच्या जागी बसलेल्या मुलीनं सांगितलं — शनिवारी सकाळी मावशी पायरीवर बसल्या, मग सगळ्याच बसल्या. कुलूप निघेपर्यंत एकीनं मशीनला हात लावला नाही. माल अडला तसं मालकानं कुलूप काढून मावशींच्या हातात दिलं.

मी मावशींपाशी गेले. "मला का नाही बोलावलंत?"

मावशी दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला बोलावलं असतं तर हाही कारखाना बंद पडला असता, ताई."