फक्त एकच थर

बेळगाव, रविवार

आक्कास साईराजचा शिरसाष्टांग नमस्कार. कणकुंबीत पाऊस उघडला का, भाऊजींची कंबर काय म्हणते, कळव. मी खुशाल आहे. (म्हणजे जेवतोय. बाकीचं खाली वाच.)

कॉलेज सोडलं तरी मी कॉलेजातच आहे. सरांच्या टेबलावर जर्नल आपटून निघालो, तो शेजारच्या सोलर लॅबमध्ये काचा धुवायला लागलो. तिथं निपाणीची सुविधा पीएच.डी. करते. पेरोव्हस्काईट नावाच्या काळपट पदार्थाचा लेप काचेवर देऊन ती उन्हातून वीज काढते. पण तो लई नाजूक. दमट हवेत तुमच्याकडच्या गुळासारखा पाघळतो. म्हणून काच आणि लेप यांच्यामध्ये ती एका खास रेणूचा थर देते. त्याचा एक हात काचेला धरतो, दुसरा लेपाला. वीजही नीट जाते, सेलही टिकतो. थर मात्र एकच रेणू जाडीचा, जादाचा धुऊन टाकायचा. (हे ती सांगत होती तेव्हा मी तिच्या हातांकडं बघत होतो. घात तिथंच झाला.)

सोमवारी तिनं पहिल्यांदाच बारा काचा माझ्या हवाली केल्या. एका हातात कुठं सारवण होतं? आईनं शिकवलंय, एक हात आडवा, वर एक उभा. मी दोन दिले, आणि धुवायचं ते मायेनं राखलं. वीज निम्म्यावर आली! मी आधी मशीनला, मग मशीनच्या कंपनीला, शेवटी बेळगावच्या लाइटीला शिव्या घातल्या.

“किती थर दिलास रं?” सुविधानं विचारलं.

“दोन. तुझं काम म्हणून.”

ती हसंल असं वाटलं. तिनं वहीत लिहिलं: ‘बिघाडाचं कारण – साईराज.’ आक्का, तिनं माझं नाव पहिल्यांदा लिहिलं ते असं!

संध्याकाळी मात्र स्वतः चहा आणून म्हणाली, “हात बरा हाय तुझा, डोकं तेवढं तापट. आधी डिग्री पुरी कर. तोवर माझ्याशी फक्त काचांबद्दल बोलायचं.”

दुसऱ्या दिवशी सरांची माफी मागितली. (दात आवळून, पण मागितली.)

तुझा,
साईराज

ता.क. – परत प्रवेशाच्या फॉर्मवर शुक्रवारपर्यंत आप्पांची सही पाहिजे. कॉलेज सोडल्याला वर्ष झालं, तवापासून ते माझ्याशी बोलत न्हाईत. तू मध्ये ऱ्हा. एक हात त्यांना, एक मला.

ता.क. दुसरा – पण एवढंच म्हण, “पोरगं परत शिकतंय, सही करा.” सुविधाचं नाव काढू नको. तो दुसरा थर होईल.