सावली जात्याशी येईपर्यंत

माय, तू तापानं गेलीस असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले, आणि आता सत्तरी ओलांडली तरी तेच म्हणते. लिहायला फार उशिरा शिकले, तेव्हापासून तुला हे लिहायचं आहे आणि हात काही धजत नाही. आज सून मेथी निवडायला बसली आणि मला बसवेना, म्हणून वही ओढली.

निजामाच्या अमलातलं ते कोरडं साल. महसुलाचा गिरदावर येऊन करपलेलं रान लिहून गेला होता. बा बैल घेऊन चाऱ्यासाठी गोदेकडं गेलेला, आणि घरात तू, मी, दोन धाकटे भाऊ. वडवणीच्या बाजारातली ज्वारी आपण नुसती बघून येत होतो. मग तू मला रानभाजी खुडायला गायरानात न्यायचीस. घोळीचं पान जाड, पाथरी मोडली की दूध येतं, तांदुळजाचं देठ तांबूस. पण डोळ्यांवर तुझा भरवसा नव्हता. "चुरगाळ, वास घे, मगच दुरडीत टाक. शेळीनं सोडलेलं पान आपुन कावून खायचं?"

आणि तुझा तो नेम. रानातली भाजी शिजली की पहिली ताटली तुझी. मग चौकटीची सावली उंबऱ्यापासून जात्याशी येईपर्यंत आम्ही नुसतं बघत बसायचं. भाऊ रडायचे. मला वाटायचं, माय किती हावरी आहे! असं वाटलं होतं खरंच. त्याची लाज अजून जात नाही.

तुला ताप भरला आणि मी एकटी गेले. पहिल्या दिवशी अर्धी दुरडी आणली, तेव्हा तू अंथरुणातून ओरडलीस, "लई मिजास आली का गं? एवढीशी कुणाकुणाला वाटू?" दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाटाकडंचा तांदुळजा लोकांनी आधीच खुडून नेलेला. तिथं कोवळा धोत्रा तेवढा हिरवागार उभा होता, जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून राहिलेला. दुरडी भरूनच मी घरी आले.

तुला उठवत नव्हतं. निवडायला तू बसली असतीस तर! तू एवढंच विचारलंस, "वास घेतलास न्हवं?" मी म्हटलं, "व्हय." मीच भाजी शिजवली, मीच तुझ्यापुढं ताटली ठेवली. तू खाल्लीस. सावली अजून अर्ध्या वाटेवरही नव्हती आणि तू पाणी मागत होतीस, पुन्हा पुन्हा, आणि तुझे डोळे काळेभोर मोठे झाले होते. धाकट्यानं मडक्यात हात घातला तर तू तो झटकलास. "सावली न्हाई फिरली अजून! सांडा ते!" त्यानंतर तू आम्हाला ओळखलं नाहीस. गोधडीवरून बोटांनी काहीतरी खुडत राहिलीस. खुडायचीस, चुरगाळायचीस, नाकाशी न्यायचीस आणि पुन्हा खुडायचीस. दुसऱ्या दिवशी बोटं थांबली. शेजारची म्हातारी म्हणाली, तापात वात झाला बिचारीला. मडकं मी आधीच उकिरड्यात पुरलं होतं.

तुझे दोन्ही लेक जगले, नातवंडांचे धनी झाले. मी अजून पहिली ताटली घेते आणि सगळ्यांना थांबवते. सून हसते, "आत्याबाई, बाजारची मेथी हाय ही." असू दे. मी थांबवतेच. पण त्यानं काही फिटत नाही, माय. कशानं फिटेल ते सांगायला तू नाहीस.

मी स्वतःला आजवर सांगत आले की वास घ्यायला विसरले, पोर होते, तुझ्याशी खोटं बोलले. ही वही पेटीत तळाशी जाईल, तेव्हा इथं तरी खरं लिहिते. "व्हय" म्हणाले ते खरं होतं. मी पान चुरगाळलं होतं आणि मला तो उग्र वास आला होता. दुरडी भरत नव्हती.