पिवळ्या कार्डाचे दहा दिवस

मनामा, बहरीन
१८ फेब्रुवारी १९९७

प्रिय जुबैदा भाभी,

नूरबानो चाची हे पत्र तुझ्या हातात देताना विचारेलच, इक्राने काय लिहिलंय. खुशाली आहे म्हणून सांग आणि आतल्या खोलीत एकटीच बसून वाच. अन्सारभाई गेल्यानंतरची तुझी इद्दत संपायला अजून दोन महिने आहेत, तोवर काही लिहू नये असं मी ठरवलं होतं. पण परवा तुझं पत्र आलं. त्यात तू रडगाणं लिहिलं नाहीस, कुणाला बोल लावला नाहीस. शेवटी फक्त एवढंच विचारलंस की अमीर अन्सारभाईपर्यंत वेळेत का पोचू शकला नाही. ते पत्र मी अब्बांना दाखवलेलं नाही.

अब्बा ठीक आहेत. बायपासनंतर अस्करमधल्या कारखान्यात त्यांना भट्टीपासून लांब, स्टोअरमध्ये बसवलंय. ईद आली तशी गेली. शीरखुर्म्याचं नाव कुणी काढलं नाही. मी अदलियातल्या ऑफिसात रोज जाते, लोकांना तिकिटं काढून देते, कुठल्या देशाला काय लागतं ते सांगते. गेल्या आठवड्यापर्यंत हे काम मला येतं असं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी अन्सारभाई त्या कॅरिबियन बेटावरच्या हॉटेलात एसीच्या कामाला निघाला, तेव्हा मी त्याला चार पानं टाइप करून दिली होती, आठवतं? परतीचं तिकीट हातात ठेव, राहण्याचा पत्ता लिहून ठेव. पाणी उकळून पी. लाल झेंडा लावलेला असेल तर समुद्रात उतरू नकोस. किनाऱ्यावर एक झाड असतं, त्याची फळं छोट्या सफरचंदासारखी दिसतात, ती विषारी आहेत, पावसात त्याच्याखाली उभंसुद्धा राहू नकोस. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, मच्छर चावतात. त्याने तिथून कार्ड पाठवलं होतं. 'इक्राबाई, तुझ्या कागदावर मरायचे सगळे प्रकार दिलेत, जगायचं कसं तेवढं राहिलं.' अब्बा ते वाचून हसले नव्हते. ते म्हणाले होते की नियम लिहिणाऱ्याने आधी कुणाला तरी मरताना पाहिलेलं असतं. आम्हा तिघा भावंडांना त्यांनी असंच वाढवलं. शाळेच्या आधी ही शाळा. रांग मोडायची नाही, वय चोरायचं नाही, कागदावर खोटं लिहायचं नाही. अन्सारभाई आणि अमीर त्यातून थोडे सुटले. मी सुटले नाही.

हॉटेलच्या मॅनेजरचा फोन डिसेंबरातल्या त्या रविवारी आला. डेंग्यू आहे, रक्त पातळ होत चाललंय, घरचं कुणी येऊ शकलं तर बरं. अब्बांना डॉक्टरांनी विमानाची मनाई केलेली, तुझा पासपोर्ट काढलेलाच नव्हता, आणि मला एकटीला तीन विमानतळ ओलांडून पाठवायला अब्बा तयार नव्हते. मीही हट्ट धरला नाही, हेही लिहून ठेवते. राहिला अमीर. तो कंपनीच्या कामाने मोंबासाला गेला होता, आदल्या दिवशीच, शनिवारी परतला होता. मी ऑफिसातलं ते जाड पुस्तक काढलं, ज्यात सगळ्या देशांचे नियम असतात. आपल्या पासपोर्टला तिथे व्हिसा लागत नाही. पण केनियासारख्या देशातून आलेल्या माणसाला पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं, आणि लस टोचल्यावर दहा दिवसांनी ते चालू होतं.

सोमवारी सकाळी मी अमीरला घेऊन दवाखान्यात गेले. तिथली नर्स डेल्फिन वसईची आहे, मला ओळखते. तिने लस टोचली, कार्ड समोर ओढलं आणि हळूच म्हणाली, "मागची तारीख टाकू का गं? कोण बघतंय तिथे?" अमीरने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. खोटं कार्ड सापडलं तर त्याला दारातूनच परत पाठवतील, असं मी त्याला सांगितलं. कार्ड पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी चालू होणार होतं. अन्सारभाई त्याच्या दोनच दिवस आधी, मंगळवारी गेला. तिथल्या मशिदीतल्या लोकांनी त्याला दफन केलं, हे तुला कळवलंच होतं. अब्बा येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात, माझ्या मुलीने अशा वेळीसुद्धा खोटं केलं नाही. मी चहाचे कप उचलून आत जाते.

तू म्हणशील, नियमच होता, तर तुझा काय दोष. मीही दोन महिने हेच म्हणत होते. गेल्या बुधवारी जनाबियात राहणारा एक इंग्रज साहेब त्याच बेटाचं तिकीट काढायला आला. केनियातली सफारी आटोपून त्याला दोन आठवडे झाले होते. मी त्याला पिवळ्या कार्डाचं सांगायला लागले, तर आमचा मायकल शेजारच्या टेबलावरून म्हणाला, "सहा दिवस होऊन गेलेत ना? मग कार्ड कशाला?" त्याने उठून माझ्यासमोरच्या पुस्तकाचं पान उलटलं. पानाच्या मागच्या बाजूला, अगदी वर, दोन ओळी होत्या. त्या देशातून निघून सहा दिवस झाले असतील तर कार्ड लागत नाही. डिसेंबरचा जुना अंक मी कपाटातून काढून पाहिला. त्यातही त्या होत्या. तेव्हा मी त्या पानाची फक्त पुढची बाजू झेरॉक्स करून घरी नेली होती.

म्हणजे केनिया सोडून सहा दिवस झाल्यावर, त्याच शुक्रवारी रात्री अमीर निघू शकला असता, भाभी. कार्डाशिवाय, खोट्या तारखेशिवाय. रविवारी तिथे पोचला असता. अन्सारभाई मंगळवारी दुपारपर्यंत शुद्धीवर होता. हे अब्बांना माहीत नाही, अमीरलाही नाही. त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही, तू ती देऊ नकोस. तू विचारलंस आणि उत्तर फक्त माझ्याकडे होतं, म्हणून लिहिलं. आणखी एक गोष्ट तुझी आहे, ती तुझ्याकडे यायला हवी. अमीरला लस टोचली त्याच आठवड्यातल्या बुधवारी तिथल्या इस्पितळातल्या नर्सने अन्सारभाईच्या कानाला फोन लावून दिला होता. अमीर कधी येतोय, असं त्याने विचारलं. मी त्याला दहा दिवसांचा नियम समजावून सांगितला, पुढचा गुरुवार म्हटलं. गुरुवार लांब आहे गं, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं. तू नीट वाचलं असशील."

तू म्हणशील तोवर तुझीच,
इक्रा