दारातली चप्पल

सोमवार, ३ तारीख
आधी टपकली शेजारीण, साखर मागायला रिकामी वाटी घेऊन. तिच्या पाठोपाठ सून आणि सुनेबरोबर ती थेरपीवाली. शेजारणीला वाटलं नर्सच आणली, म्हातारीचं काही खरं नाही. साखर न घेताच गेली.
थेरपी खरं तर सुनेसाठी. मागे लिफ्टमध्ये अडकले मी, टेन्शन घेतलं तिने. म्हटलं, बसते बाई तुझ्या सोबतीला.
अंगाची थेरपी म्हणून तेल कोमट करून ठेवलं होतं, जुनी चादरही अंथरली. बाईने तेलाकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसवलं आणि पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का, विचारलं. म्हटलं, याच पायांवर उभा संसार केला, न जाणवून कसं चालेल. तेल वाया नको, सुनेच्या डोक्यावर थापलं.

गुरुवार, ६
बाई म्हणाली, झालेलं सगळं सांगायलाच हवं असं नाही. नको वाटलं की हात वर करा, मी थांबते. मग विचारलं, घरातल्या प्रत्येक दारात चप्पल का अडकवलीय? म्हटलं, हवा खेळती राहते. सून म्हणाली, सासूबाई, मी आंघोळीला गेले तरी तुम्ही चप्पल सारता. कशाला बोलायचं ते चारचौघांत!
लिफ्टचा विषय निघाला नि छाती आवळली. ॲसिडिटी. हात वर केला. बाई खरंच थांबली. या घरात मी थांब म्हटल्यावर थांबलेलं पहिलं माणूस.

शुक्रवार, ७
नातीला मुलगी झाली, अजून पाहिली नाही. पलीकडच्याच गल्लीत राहते, गॅलरीतून लंगोटांची दोरी दिसते. बाळाला इतक्यात बाहेर काढायचं नाही, म्हणून मीच जाणार. रविवारी. जिन्याने गुडघे ऐकत नाहीत, तर लिफ्टने. ठरलं म्हणजे ठरलं. टोपडं विणून तयार आहे.

शनिवार, ८
बाईबरोबर लिफ्टपर्यंत गेले. एक पाय आत. घाम फुटला, उकडतच होतं म्हणा. बाई म्हणाली, आज एवढंच, अंगाला घाई करायची नाही. मनात म्हटलं, उद्या बघच.

रविवार, ९
एकटी गेले. नीट विचार करून लिफ्टच्या दारात चप्पल अडकवली आणि आत उभी राहिले. लिफ्ट हलेना. दार मिटायला येई, चपलेला आपटून परत जाई. खालून कुणीतरी ओरडलं, लिफ्ट कोणी अडवलीय? दोन्ही पाय आत होते, हे मात्र लिहून ठेवते. मग बिघडलीय म्हणून घरी आले. चप्पल तिथेच राहिली.
थोड्या वेळाने बेल वाजली. नात. बाळाला छातीशी धरून पाच मजले चढलेली. म्हणाली, राहवेना म्हणून आले, तर कोण शहाणा लिफ्ट अडवून बसलाय कोण जाणे. म्हटलं, लोकांना काही पाचपोचच नाही.
बाळाने माझं बोट धरलं ते सोडेचना. छाती मोकळी. ॲसिडिटी गेली वाटतं.
पुढच्या वेळी मीच खाली घ्यायला येते, म्हटलं. नात म्हणाली, आजी, तू फक्त तुझी चप्पल उचल.
रविवारी परत येणार आहेत. सोळा तारखेला.