बिनपाठीचा अंगरखा

सोमवार, २

पोचलो एकदाचा. खोली पाहिली आणि प्रवासाचा शीण पळाला. तिसरा मजला, उत्तरेला मोठी खिडकी. रफूला उत्तरेचाच उजेड हवा. तो दिवसभर एकसारखा राहतो, धाग्याच्या रंगाबाबत फसवत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझी सगळी विद्या जुने कोट उसवून मिळवलेली आहे. गुरू नाही, सर्टिफिकेट नाही. पण मी रफू केलेली जागा दाखवून द्या म्हणावं कुणालाही, भिंग घेऊन बसा खुशाल.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझं दाभण काढून घेतलं. हत्यार आहे म्हणे. मी त्याला सांगितलं, बाबा रे, वरच्या लोकांनी सगळी पृथ्वी एका आठवड्यात घेतली, ती या दाभणाला भिऊन परत देणार आहेत का? हसला आणि दिलं.

वरच्या लोकांच्या या ठाण्यावर माणसाला नोकरी मिळणं सोपं नाही. मेहुणा दोन पदव्या गळ्यात अडकवून घरी बसलाय. निघताना मला म्हणाला, भावजी, जाताय खरे, पण तिथे शिंप्याला कुत्रंही विचारणार नाही. बघू कोण कुणाला विचारतं ते.

मागच्या बाजूला कुटुंबासाठी दोन खोल्या मिळणार आहेत. मिळाल्या की हिला आणि चिंगीला आणायचं. चिंगी निघताना गळ्यातच पडली. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे 'बाबा' सोडून कुठलाच शब्द धड येत नाही तिला.

गुरुवार, ५

काम समजून घेतलं. ठाण्याचे सरदार म्हाताऱ्या हाडाचे आहेत. उंची दाराच्या चौकटीपेक्षा वीतभर जास्त, कातडी ओल्या दगडी पाटीसारखी. हाताला दोन कोपरं. त्यामुळे बाहीला दोन ठिकाणी झोल द्यावा लागतो, आणि खालचं कोपर उलट्या बाजूला वळतं. आधीच्या शिंप्याला हे समजलेलंच नव्हतं. त्याने शिवलेल्या बाह्या पाहून मला लाज वाटली.

त्यांचे अंगरखे दोन तऱ्हेचे. दरबारी अंगरख्याला पाठीवर सुरेख चुण्या असतात. रणातल्या अंगरख्याला पाठच नसते. पुढून जाड विणीचं कापड, मागे नुसते बंद. मला वाटलं, उन्हाळ्याची सोय असेल. दुभाषीबाईंनी सांगितलं की रणात पाठ दाखवायचीच नाही, तर झाकायची कशाला?

या दुभाषीबाई हुशार आहेत, पण बोलण्यात मास्तरकी फार. मला बजावलं, धुवा, तेल लावा, बंद बदला, पण रणातल्या अंगरख्यांना जी भोकं आणि चिरा आहेत त्यांना हात लावू नका. तो त्यांच्या मानाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, समजलो. समजलोच. आधीच्या शिंप्याने ठिगळं लावून मानाच्या कपड्यांची गोधडी केली असणार. मग कोण हात लावू देईल?

सोमवार, ९

इथे माणसांची खानावळ वेगळी आहे. ती चालवणाऱ्या मावशी एका हाताने भात वाढतात आणि दुसऱ्याने अख्ख्या साम्राज्याचा इतिहास. त्यांच्याकडून कळलं की वरच्या लोकांत घराणी आहेत आणि त्यांची एकमेकांशी वैरं पिढ्यानपिढ्या चालतात. पण लबाडी नाही. एका लढाईत समोरच्यांकडे औषधं संपली, तर यांनी लढाई थांबवून औषधं पाठवली, जखमी उठून उभे राहीपर्यंत वाट पाहिली, आणि मग सगळ्यांना कापून काढलं. मावशी म्हणाल्या, एवढा सज्जनपणा माझ्या सासरच्यांनीही कधी दाखवला नाही.

आपल्याशी मात्र ते लढलेच नाहीत. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं होतं, तुमच्यातून समोर कोण उभा राहणार? आपले सेनापती तळघरात जाऊन बसले. कुणीच पुढे आलं नाही, हे त्यांना इतकं किळसवाणं वाटलं की त्यांनी तलवार म्यानच केली. तेव्हापासून ते आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत. खरं आहे ते. जिन्यात सरदार समोरून आले की नजर माझ्या आरपार जाते, जणू मी खिडकीची काच.

याची मला सवय नाही. माझं काम पाहून माणसं माझ्याकडे पाहतात.

शनिवार, १४

आज झालं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं रफू.

सरदारांच्या आईचा रणातला अंगरखा तेल लावायला आला होता. ती त्या अंगरख्यातच पडली. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत वाकडीतिकडी चीर, भाल्याची. एवढी देखणी वीण आणि तिची ही दशा. मला बघवेना. दुभाषीबाईंचं सांगणं आठवलं. पण ते ठिगळ लावणाऱ्यांसाठी होतं. चीर नाहीशीच झाली तर मानाला धक्का कसला?

धागे त्याच अंगरख्याच्या मुडपणीतून ओढून घेतले, म्हणजे रंगात तसूभर फरक नको. उभा धागा, आडवा धागा, एकेक विणत गेलो. आणि शेवटचं टोक नेहमीप्रमाणे डोळे मिटून दडवलं. ही माझी स्वतःची पद्धत आहे, जगात दुसऱ्या कुणाची नाही. डोळे मिटायचे, बोटांना हवं तिथे जाऊ द्यायचं, टोक आत ओढायचं. ते कुठे गेलं हे माझं मलाही कळता कामा नये. रफू करणाऱ्याला स्वतःला जोवर ती जागा सापडते, तोवर ते रफू नव्हे.

अंगरखा खुंटीवर अडकवला आणि लांबून पाहिला. चीर कधी नव्हतीच.

सोमवार, १६

सरदार स्वतः माझ्या खोलीत आले. चौकटीत वाकावं लागलं त्यांना. अंगरख्यासमोर बराच वेळ उभे होते. चीर जिथे होती तिथून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग दुभाषीबाईंमार्फत विचारलं, हे कुणी केलं, आणि स्वखुशीने केलं का? मी म्हणालो, मीच केलं, कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्याशिवाय कुणाला जमलंही नसतं.

बाईंनी हे भाषांतर करताना माझ्याकडे असं काही पाहिलं की मला वाटलं, गेली नोकरी. मध्येच काही सांगू लागल्या, तर सरदारांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि बाहेर पाठवून दिलं.

मग सरदार गुडघ्यांवर बसले. माझ्यासमोर. कपाळ जमिनीला लावलं. आणि उठून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

शेवटी कुणीतरी पारखी भेटला.

शुक्रवार, २०

मान मिळतोय, तो लिहून ठेवतो. मेहुण्याला वाचून दाखवीन. पहारेकरी मला पाहून सरळ उभे राहतात. जिन्यात वरचे लोक भिंतीला टेकून वाट देतात. काल दुसऱ्या एका घराण्याचे पाहुणे आले. त्यांच्या म्होरक्याने स्वतःच्या ताटातलं अर्धं अन्न मला पाठवलं. मी संपवलं, तेव्हा त्यांच्यात कौतुकाची कुजबुज झाली.

सरदारांच्या माणसांनी दुसऱ्याच एका दुभाष्याकरवी घरचं विचारलं. बायको आहे का, मुलं किती, कुठे राहतात. मी सगळं सविस्तर सांगितलं. चिंगीची उंची, छातीचं माप, बाहीचं माप तोंडपाठ आहे मला, बापच शिंपी म्हटल्यावर. घराण्याला साजेसे तीन अंगरखे शिवायला त्यांनी कापड दिलं आहे. एक माझ्या मापाचा, एक हिच्या, एक छोटा. पुढचा भाग आणि बाह्या यांचे नमुने मिळाले आहेत. पाठीचा अजून यायचा आहे. चुण्या कशा घालाव्यात याचा विचार करून ठेवला आहे.

दुभाषीबाई तीन दिवस दिसलेल्या नाहीत. मावशीही आज माझ्याशी काही बोलल्या नाहीत. नुसतं वाढलं. जास्तच वाढलं.

सोमवार, २३

सकाळी अंगरखे न्यायला सरदारांची माणसं आली. मी म्हटलं, थांबा, पाठ राहिली आहे. खुणेने दाखवलं. त्यांना कळलं. तरी घेऊन गेले.

कळलं, आणि तरी घेऊन गेले.

मी मावशींकडे धावलो. त्यांनी मला भांडी घासायच्या मोरीजवळ नेलं. तिथे दुभाषीबाई लपून बसल्या होत्या. माझ्याशी बोलायची मनाई झाली आहे त्यांना. मला शिव्याच घातल्या आधी. शहाणे, दीडशहाणे, हात लावू नका म्हटलं होतं ना.

रणातली चीर म्हणजे वैर्‍याचा सवाल. ती उघडी ठेवायची, जोवर घराण्यातला कुणी त्याला उत्तर द्यायला उभा राहत नाही तोवर. जो चीर बुजवतो तो म्हणतो, हे उत्तर माझं. आजपासून हे घराणं माझं. सरदार म्हातारे, पोरंबाळं नाहीत, मागे कुणी नाही. आणि हरलेल्या माणसांतून एकाने मान वर केली. त्यांना वाटलं—

ते पाहुणे म्हणजे वैरी घराणं. ताटातलं अन्न धाडणं म्हणजे लढतीचा दिवस ठरवणं. मी खाल्लं. संपवलं.

मी विचारलं, मला एकट्यालाच ना? बाई रडायलाच लागल्या. उत्तर घराणं देतं, एकटा माणूस नाही. सगळे रांगेत. कुणाला लपवलेलं नाही हे दिसावं म्हणून सगळ्यात लहान सगळ्यात पुढे. आणि लहानासमोर त्यांचा लहान. त्यांची लहान मुलं चालायला लागली की हातात भाला येतो.

चिंगीला चमचासुद्धा नीट धरता येत नाही.

मंगळवार, २४

ठाण्यातून घरी फोन लावला. शेजारच्या काकूंनी उचलला. म्हणाल्या, अहो, सकाळीच निघाल्या दोघी. केवढी गाडी आली होती न्यायला, सगळी गल्ली बघायला उभी. काय मान आहे हो तुमचा. चिंगी तर नवा अंगरखा अंगातून काढेचना. गोल गोल फिरून सगळ्यांना दाखवत होती. पाठ तेवढी उघडी आहे हो, म्हणाल्या, गारठेल पोर.

सरदारांच्या पायावर डोकं घातलं. त्यांनी मला उठवलं, स्वतःच्या आसनावर बसवलं. त्यांना वाटलं, हा नम्रपणा.

फाटकातून बाहेर जाऊ देत नाहीत. सलाम करतात आणि जाऊ देत नाहीत.

बाईंनी मावशींकरवी निरोप धाडला. एकच वाट आहे. घरच्यांचा पाय अंगणात पडायच्या आत, ज्या हाताने चीर बुजवली त्याच हाताने ती उसवायची. टोकापासून. धागा धागा. न कापता. मग उत्तर मागे घेतलं असं होतं. बेअब्रू माझी एकट्याची. शिक्षा माझी एकट्याची. हात तोडतात. कात्री लावली, धागा तुटला, तर ती नवी चीर, नवा सवाल, आणि मग दोन्ही घराणी—

हात घ्या. दोन्ही घ्या.

टोक सापडायला हवं.

बुधवार, २५

उजेड आला तसा बसलोय. तेच तेच पुन्हा बघायला नको म्हणून पाहिलेली जागा लिहितो.

डावा खांदा, शिवणीपासून चार बोटं. नाही.

खांद्याखाली. नाही.

छाती. भिंगाने. नाही. सुईच्या टोकाने वीण उचकून पाहिली. सगळे धागे सारखे. सगळे माझेच वाटतात, आणि एकही नाही.

डोळे मिटून पाहिलं. बोटांना विचारलं. बोटांनाही आठवत नाही.

बरगडीची बाजू. नाही.

मावशी दारात येऊन गेल्या. गाडी शहरात शिरलीय, एवढंच म्हणाल्या.

पोटाचा पट्टा, अर्धा. नाही. उरलेला अर्धा, नाही.

किती सुंदर केलंय रे मेल्या. किती सुंदर.

कमर. नाही. पुन्हा खांदा. नाही.

खाली अंगणात दोन्ही बाजूंनी ते रांगा करून उभे आहेत. समोरच्या रांगेत सगळ्यात पुढे एक छोटं. चिंगीएवढंच. दोन कोपरांचा हात, भाला सरळ. हलत नाही.

फाटक उघडलं.

बरगडी पुन्हा. खालून वर. नाही. ना—

थांब. इथे. नखाला काहीतरी—

आहे. टोक आहे. सुटतंय, एक, दुसरा, हळू, तुटू नको, आईची शपथ तुटू नको—

गाडीचं दार. हाक मारतेय, बाबा, बाबा. वर बघून. चिंगे, उतरू नको, तिथेच बस, अजून हातभर उरलंय, उतरू न—